शहादेवचा ठोकळा आणि देशमुखांची घरगाडी

नांदूरघाटच्या शहादेव सुताराला जो दोन वाक्यं सलग बोलायला लावील त्याला गावाने पागोटं बांधावं, असं सारजाबाई म्हणायची, आणि ती त्याची बायकोच असल्यामुळे तिचं म्हणणं कुणी खोडून काढत नसे. माणूस मुका नव्हता, माणूसघाणाही नव्हता. पण त्याच्या डोक्यातलं सगळं जग बोटं, वीत आणि हात ह्या मापातलं होतं. लग्नाहून आला की लोक विचारायचे, काय शहादेव, कसं झालं लग्न? हा सांगायचा, "मांडव बावीस हात व्हता." नवरी कशी होती, जेवायला काय होतं, मानपानावरून कोण रुसलं, ह्यातलं अवाक्षर नाही. स्वतःसाठी मुलगी पाहून आला तेव्हा आईला त्याने एवढंच सांगितलं होतं की, आपल्या दारापेक्षा दोन बोटं कमी आहे, वाकावं लागणार नाही. हे पुढे सासूने सारजाबाईला सांगितलं आणि सारजाबाई पंचवीस वर्षं ते उगाळत बसली.

हाताला मात्र तो सोन्यासारखा होता. त्याने भरलेलं बैलगाडीचं चाक केजच्या बाजारात लोक नुसतं वाजवून ओळखायचे. गाडी मोडायच्या आधी सांगते, ऐकणारा पाहिजे, एवढीच त्याची विद्या. आणि ती त्याने कधी कुणाला शिकवली नाही, कारण शिकवायचं म्हणजे बोलायला लागतं.

निजामाचं राज्य होतं. केजचे तहसीलदारसाहेब अजून घोड्यावर बसून दौऱ्याला यायचे आणि आमच्या भगवानराव देशमुखांनी हैदराबादहून मोटार आणलेली. पुढे दोन माणसांची जागा, मागे उघडी पेटी, आणि भोंगा असा की गावातली म्हातारी माणसं दोन्ही कानांवर हात ठेवायची. भगवानराव मनाने दिलदार, जिभेने तिखट आणि अंगाने भरपूर. त्यांना घोड्यावर बसवायला तीन माणसं लागत आणि नंतर घोड्याला दोन दिवस विश्रांती. मोटार आली तेव्हा सगळ्यात जास्त आनंद त्या घोड्याला झाला असणार.

अडचण एकच होती. चंद्रभागाबाई, म्हणजे देशमुखीणबाई, मोटारीत बसायला तयार नव्हत्या. उघड्या गाडीत डोक्यावरचा पदर राहत नाही आणि रस्त्यावरचं अख्खं जग तोंडाकडे बघतं, असं त्यांचं म्हणणं. आणि त्यांना जायचं तर सारखं होतं, कारण लाडकी लेक विमल वर्षापूर्वी घाटनांदूरला दिलेली. भगवानरावांनी हैदराबादला एका साहेबाच्या मोटारीमागे चाकांवरची खोली बांधलेली पाहिली होती. आत पलंग, खिडक्या, सगळं. ते परत आले ते थेट शहादेवच्या कामठ्यापाशी, म्हणजे त्याच्या सुतारकामाच्या छपरापाशी. काठीने मातीत एक चौकोन काढला, त्याखाली दोन गोल काढले.

"शादेव, एक खोली करायची. चाकावर."

"किती हात?"

झालं. एवढ्या बोलण्यावर दोन वर्षांचं काम सुरू झालं.

नांगर, कुळव, गाड्या आणि मेलेल्यांच्या तिरड्या करण्यात शहादेवचं आयुष्य गेलेलं. आपल्याला हवं तसं काही करायची संधी त्याला पहिल्यांदाच मिळाली. सागाचा सांगाडा, पातळ फळ्यांच्या भिंती, वर डांबर लावलेलं जाड कापड. दोन खिडक्यांना अशा झडपा की आतल्याला बाहेरचं दिसावं आणि बाहेरच्याला आतलं दिसू नये. माठ हलू नये म्हणून लाकडात गोल खोबण, कोपऱ्यात बालाजीच्या तसबिरीपुरता कोनाडा. गाव रोज संध्याकाळी बघायला यायचं. गावाने तिचं नाव ठेवलं घरगाडी, आणि शहादेव रात्री अंथरुणावर पडला की सारजाबाईला न विचारता सांगायला लागला की आज उजवी खिडकी बसवली. सारजाबाईला वाटलं ह्याला ताप भरलाय.

चाकं मात्र त्याची नव्हती. त्याने बाभळीच्या आऱ्यांची, लोखंडी धावेची चाकं मनात भरून ठेवली होती, पण देशमुखांना रबरी टायरच पाहिजे होते. हैदराबादच्या जुन्या बाजारातून एका लॉरीची दोन चाकं आली, शिवाय वरकड म्हणून चार-सहा टायर. शहादेवने त्यांच्यावरून हात फिरवला. टाचेला पडतात तशा बारीक भेगा.

"ह्यात काय हाय?" त्याने विचारलं.

"हवा," रामकिसन म्हणाला. रामकिसन हा देशमुखांचा मोटार हाकणारा. सहा वर्षं हैदराबादला राहून आला होता आणि ते कुणाला विसरू देत नव्हता.

"आन ह्या हवेवर खोली ठिवायची?"

"अरे चाचा, सारी दुनिया हवेपर चालते."

शहादेवने टायर भिंतीला टेकवून ठेवला. पण त्या रात्री त्याने सारजाबाईला खिडकीचं काही सांगितलं नाही.

घरगाडी पहिल्यांदा निघाली ती संक्रांतीला विमलकडे. नांदूरघाट ते घाटनांदूर म्हणजे केज, होळ, चंदनसावरगाव आणि मोमिनाबादवरून जाणारा वीस-बावीस कोसांचा रस्ता. अंबाजोगाईला सरकारदरबारी तेव्हा मोमिनाबाद म्हणत. होळ ओलांडलं आणि डावा टायर बंदुकीसारखा फुटला. रस्त्याकडेच्या शेतातली माणसं ज्वारीत आडवी झाली. चंद्रभागाबाई पुढचा प्रवास बैलगाडीने करून पोचल्या तेव्हा घाटनांदूरचं हळदीकुंकू उरकून बायका घरी गेल्या होत्या. सगळ्यांचं एकमत झालं की नजर लागली. मग घरगाडीला लिंबू, मिरच्या, बिब्बा आणि मागे एक फाटकी चप्पल बांधली.

दुसऱ्या खेपेला चप्पल, लिंबू, मिरच्या सगळं जागेवर होतं, फक्त टायर फुटला. आता दोष काट्यांवर आला. मग तिसऱ्या खेपेला केजपासून पुढे दोन गडी झाडू घेऊन मोटारीपुढे पळाले. ते होळपर्यंत पुरले आणि तिथे झाडाखाली आडवे झाले. तिसरा टायर त्यानंतर कोसाभराने फुटला. चौथ्याची गंमत वेगळीच. रामकिसनने होळला टायरला हात लावला, तो तापून टणक झालेला. त्याने शहाणपणा केला. दूध उतू जायला लागलं की आपण चुलीतलं लाकूड मागे ओढतो, तशी त्याने दोन्ही टायरांतली थोडी थोडी हवा सोडली. त्या दिवशी चंदनसावरगावसुद्धा दिसलं नाही.

चार फेऱ्या झाल्या आणि घरगाडीतून एकदाही चंद्रभागाबाई लेकीच्या दारात उतरल्या नाहीत. दरवेळी कुणाच्या तरी कडब्याच्या गाडीतून, तोंडभर धूळ घेऊन, सगळं उरकल्यावर. विहीणबाई साखराबाई गोड हसून म्हणायच्या, "आमाला वाटलं तुमी उद्या येताल."

चौथ्या खेपेहून परत आल्यावर भगवानरावांनी चारचौघांत शहादेवला बोलावलं. विमलला सातवा महिना लागत होता. पहिलं बाळंतपण माहेरी, म्हणून ओटीभरणाला जाऊन तिला घेऊन यायचं होतं.

"दोष खोलीतच हाय," भगवानराव म्हणाले. "लाकूड लई घातलंय तू. आता पाचवा टायर फुटला, तर तुझाच वाकस घीन आन तुझ्याच डोळ्यांदेखत हिच्या ढलप्या करून बंबात घालीन. सालभर आंघोळीचं पाणी तापल."

शहादेवने मान हलवली. घरी गेला. जेवला नाही. सारजाबाईने विचारलं काय झालं, तर पहिल्यांदाच त्याच्या तोंडून मनातलं वाक्य निघालं. "माझी गाडी जाळत्याल."

त्याला मनातून ठाऊक होतं की दोष लाकडात नाही. दुसऱ्या खेपेपासून मोटारीच्या मागच्या पेटीत बसून तो बरोबर जात होता, चाक बदलायला. दुसरा टायर चढवून पंपाने भरेपर्यंत दिवस बुडायचा. फुटलेले टायर त्याने कामठ्यावर आणून उलटेसुलटे करून पाहिले होते. काट्याने फुटता तर तळव्याला फुटता. हे चारही कुशीला फाटलेले. कुशीला फाटतं ते ओझ्याने, हे बैलगाडीच्या बापालाही ठाऊक आहे. पण नांदूरघाटहून निघताना घरगाडी हलकी असे. पलंग, माठ, बाईसाहेब आणि त्यांची पेटी. मग ओझं येतं कुठून?

ते येतं कुठून हे त्याने बघितलं होतं. गावोगाव देशमुखांचे सोयरे. देशमुखीणबाई येणार म्हटलं की केजपासून प्रत्येक गावात रस्त्यावर बायका ताटं घेऊन उभ्या. ओटी भरायची म्हणजे एरवी ओंजळभर गहू, एक नारळ, एक खण. पण देशमुखीणबाईंची ओटी ओंजळीने भरली तर मागून बोलणी कोण खाणार? मग एकीने पायली ओतली की दुसरी सव्वा पायली ओतणार, तिसरी वर गुळाची ढेप ठेवणार. सवाष्णीने आलेली ओटी नाही म्हणायची नसते, रस्त्यात टाकायची तर अजिबातच नसते. होळ येईपर्यंत घरगाडीत गव्हाची रास आणि चाळीस-पन्नास नारळ लोळत असत.

एवढंच असतं तरी बरं. होळच्या पाटलांकडे दुपारचं जेवण ठरलेलं असे, पुरणाचं. ते झालं की भगवानरावांना मोटारीत बसवत नसे. ते तोंड पुसत पुसत मागे येत, घरगाडीत शिरत, आणि पलंगावर आडवे होत. मग पुढच्या कोसात टायर फुटे. हे शहादेवच्या लक्षात तिसऱ्या टायरालाच आलं होतं. पण सांगायचं कुणाला आणि कुठल्या तोंडाने? देशमुखीणबाईंची ओटी जड झाली म्हणायचं? का प्रत्यक्ष देशमुख जड झाले म्हणायचं?

त्याने मापाचा आधार घेतला. सकाळच्या गारव्यात, रिकाम्या घरगाडीचे टायर पंपाने चांगले टणक भरले आणि चाकाच्या लोखंडी कडेपासून जमिनीपर्यंतचं अंतर काढलं. मग आतल्या सामानावर दोन पोती धान्य ठेवून पुन्हा काढलं. तेवढ्या मापाचा बाभळीचा एक ठोकळा तासला. टायर दबला की कडा खाली येणार आणि ठोकळा शिरणार नाही. शिरत नसेल तर ओझं जास्त किंवा हवा कमी, आणि दोन्हीचा शेवट एकच. तापलेल्या टायरची हवा कुणी सोडू नये म्हणून हवा सोडायची किल्ली त्याने स्वतःच्या करगोट्याला बांधली. गाडी थांबली की टायरांवर ओली पोती टाकायची, ऊन लागू द्यायचं नाही, हेही ठरवलं. रामकिसन म्हणाला, "चाचा, टायरला पाळण्यात घालून झोका पण देऊ का?"

पाचवी फेरी निघाली. केजला ठोकळा सरळ आत गेला. पुढच्या गावाला बोटाने ढकलावा लागला. होळच्या अलीकडच्या वस्तीवर तो निम्माच गेला आणि थांबला. शहादेव ठोकळा हातात घेऊन भगवानरावांपुढे उभा राहिला.

"मालक, नारळ."

"काय नारळ?"

"लई झाले."

भगवानरावांना कळायला थोडा वेळ लागला आणि कळलं तसे ते मोटारीत उभेच राहिले. "तू माझ्या बायकोची वटी मोजतो बे?"

रामकिसनने घाईघाईने आकाशाकडे बघितलं. तेवढ्यात घरगाडीची झडप वर झाली.

"काय म्हनतोय त्यो?" चंद्रभागाबाईंनी विचारलं.

शहादेव चाकाकडे वळला. चाकापाशी बसून त्याने ठोकळा लावून दाखवला. निम्मा आत, निम्मा बाहेर. मग मोकळ्या हाताने आतल्या गव्हाच्या राशीकडे बोट केलं. चंद्रभागाबाईंनी राशीकडे पाहिलं, ठोकळ्याकडे पाहिलं. चार वेळा कडब्याच्या गाडीतून उतरलेली बाई ती. फार समजावून सांगावं लागलं नाही.

"आलेली वटी टाकता येत न्हाई," त्या म्हणाल्या, आणि राशीतला एक नारळ उचलून, "पर परत भरता येती. सवाष्णीची वटी सवाष्णीला गेली तर त्यात काय इटाळतं?"

होळला पाटलीण बायडाबाई ताट घेऊन पुढे आल्या. त्यांनी ओटी भरली, की चंद्रभागाबाईंनी लगेच उलट त्यांची भरली, ती मागच्या गावच्या दीड पायली गव्हाने, दोन नारळ आणि गुळाच्या ढेपेसकट. बायडाबाईंना काय करावं कळेना. त्यांच्या मागे उभ्या असलेल्या सगळ्या बायकांची ओटी भरली गेली. देशमुखीणबाईंनी आपल्या हाताने आमची ओटी भरली म्हणून होळच्या बायका पुढे कैक वर्षं सांगत होत्या. केजकडचा गहू होळला उतरला, होळचा चंदनसावरगावला, तिथला मोमिनाबादला. प्रत्येक ओटीतली एक मूठ तेवढी चंद्रभागाबाई पदराच्या गाठीला ठेवत गेल्या.

भगवानराव जेवण करून पलंगावर आडवे झाले, तेव्हा शहादेवने हळूच ठोकळा लावला. अगदी घासून गेला, पण गेला. शहादेवने देशमुखांबद्दल तोंडातून शब्द काढला नाही. अर्धं खरं सांगून भागत असेल तर उरलेलं अर्धं कशाला सांगा, असा सगळ्याच भित्र्या माणसांसारखा त्याने विचार केला.

आणि काय सांगावं, घरगाडी घाटनांदूरच्या वेशीतून आत गेली! चारी बाजूंनी माणसं धावली. चंद्रभागाबाई लेकीच्या दारात उतरल्या, पदर डोक्यावर, अंगावर धुळीचा कण नाही. साखराबाई दारातच थबकल्या, कारण त्यांचं नेहमीचं वाक्य आज कामाचं नव्हतं. भगवानरावांनी सगळ्यांना सांगितलं की हे टायर आपण स्वतः निवडून आणले होते.

ओटीभरण थाटात झालं. तिसऱ्या दिवशी सकाळी परत निघायचं ठरलं आणि शहादेव मनात ओझ्याची बेरीज करायला लागला. एक तर विमल गाडीत येणार. दुसरं म्हणजे तिची ओटी. सातव्या महिन्याची ओटी गाठोडी बांधून जशीच्या तशी माहेरी जायला हवी, वाटेत सोडायची नाही, कुणाला द्यायची नाही, असं साखराबाईंनी दोनदा बजावलं. बारा गाठोडी आत चढली. तिसरं म्हणजे विमलचे सासरे अर्जुनराव. त्यांनी जन्मात मोटारीत पाय ठेवला नव्हता. सुनेला पोचवायच्या निमित्ताने त्यांनी बोलणं काढलं, आणि व्याह्याला नाही कोण म्हणणार? ते मोटारीत रामकिसनच्या शेजारी, दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवून, फोटो काढायला बसावं तसे बसले.

शहादेवने ठोकळा लावून पाहिला. गाठोड्यांसह, विमल आणि बाईसाहेबांसह, घासून पण गेला. तो उठून पेटीत जाऊन बसला आणि त्याने मागे पाहिलं. तर भगवानराव, ज्यांची जागा व्याह्यांनी घेतली होती, घरगाडीची पायरी चढत होते. गाडी त्यांच्या बाजूला कलली, मग सावरली. वाजंत्री सुरू झाली. शहादेव ओरडला, पण शहादेवचं ओरडणं ते काय असणार. रामकिसनने भोंगा वाजवून गाडी हाणली.

पहिल्याच गावी बायका उभ्या होत्या. गर्भार लेकीची ओटी. आणखी सात गाठोडी. पुढे एक लांब उतार होता, खाली नाल्यावर अरुंद पूल. उन्हं चढलेली. पेटीत बसलेल्या शहादेवला मागून येणाऱ्या घरगाडीच्या चाकांचं फुगलेलं पोट दिसत होतं आणि रबराचा करपट वास येत होता. गाडी मोडायच्या आधी सांगते. ही तर ओरडून सांगत होती. उताराच्या तोंडाशी रामकिसनने वेग कमी केला तशी शहादेवने पेटीतून उडी मारली, गुडघे फोडून घेतले, आणि पुढे धावत जाऊन दोन्ही हात पसरून मोटारीसमोर उभा राहिला.

"मरायचंय का चाचा?" रामकिसन किंचाळला.

शहादेव त्याच्याकडे न बघता चाकापाशी गेला. ठोकळा आत जाईना. आडवा धरला तरी जाईना. टायर एवढा तापलेला की बोट टेकवेना.

"आता काय झालं बे?" आतून भगवानराव गरजले.

"उतारावर फुटल," शहादेव म्हणाला.

मग काढाकाढ सुरू झाली. माठ ओतला. कंदील आणि बाईसाहेबांची पेटी मोटारीच्या मागे, वरकड टायर आणि पंपाच्या मधे कोंबली, तिथली जागा संपली. ठोकळा जाईना. गाठोड्यांकडे बघायचं नव्हतं. पलंगाची गादी काढावी तर विमल तिच्यावर. व्याह्यांना म्हणावं, आपण मागे चालत या आणि पुढची जागा द्या, तर हे कुणाच्या जिभेवर येणार नाही. अर्जुनरावांना हे सगळं ऐकू येत होतं. त्यांनी डोळे घट्ट मिटून घेतले आणि झोप लागल्यासारखी मान टाकली. इतकी घाईची झोप मी तरी कुणाची पाहिलेली नाही.

"मंग आता उतरवायचं काय?" भगवानराव दारात येऊन विचारू लागले. "बोल ना बे! तुझ्या ठोकळ्याला इचार, काय उतरवू?"

शहादेव जमिनीकडे बघत होता. घरगाडी मोडली तरी चालेल, जाळली तरी चालेल, दोन वर्षं पाण्यात गेली तरी चालतील, असं त्याला त्या घडीला खरोखर वाटलं. त्याने मान वर केली.

"तुमी, मालक."

भगवानरावांचा चेहरा लाल झाला, मग काळा. "वाकस आन," ते म्हणाले. "आत्ता आन. हितंच ढलप्या करतो. देशमुखाला गाडीतून उतर म्हनतो? माझ्या गाडीतून? मला?" ते बोलत राहिले आणि शहादेव उभा राहिला. पळाला नाही, हात जोडले नाहीत. गुडघ्यातून रक्त येत होतं, ते त्याला कळत नव्हतं.

त्यांच्या मागून विमल उठली. एका हाताने भिंत धरून, एका हाताने पोट सांभाळून ती दारापाशी आली आणि तिने पायरीवर एक पाऊल ठेवलं.

"बाबा, मी उतरते. मी चालंन हळूहळू."

भगवानराव बोलता बोलता मागे वळले. त्यांनी लेकीच्या पावलाकडे पाहिलं. मग तिचा दंड धरून तिला हलक्या हाताने मागे सारलं, आणि ज्या माणसाला घोड्यावर चढायला तीन माणसं लागत तो कुणाचा हात न घेता धप्पदिशी खाली उतरला. घरगाडी सुटल्यासारखी वर आली. ठोकळा आत गेला. थोडी फट उरली.

चंद्रभागाबाईंनी खिडकीतून हात बाहेर काढला. "त्यो ठोकळा इकडं दे. वाटंत आता कुनाचं कायबी घेनार न्हाई. घरी येऊन भरा म्हनंन." शहादेवने ठोकळा दिला, शिवाय करगोट्याची किल्लीही सोडून दिली. मालकांना एकट्याला रस्त्यावर सोडणं त्याला पटेना, म्हणून तोही मागे राहिला. रामकिसनला बाईसाहेबांनी खिडकीतूनच दम दिला आणि मोटार उताराला लागली, बैलगाडीच्या चालीने.

ती दिवस मावळायच्या आत नांदूरघाटला पोचली आणि एकही टायर फुटला नाही, हे ह्या दोघांना दुसऱ्या दिवशी कळायचं होतं. त्या वेळी ते दोघं उताराच्या डोक्यावर, उन्हात, नुसते बघत होते. घरगाडी खाली खाली गेली. पुलाच्या तोंडाशी जरा थांबल्यासारखी झाली, मग पुलावर चढली, डुलत पलीकडे गेली. शहादेवच्या ध्यानात आलं की आपण ही केली, पण लांबून चालताना कधी पाहिलीच नाही. खिडक्यांच्या झडपा उन्हात चमकत होत्या.

"लई चांगली दिसती बे चालताना," भगवानराव म्हणाले. इतक्या वर्षांत पहिल्यांदा.

शहादेवने धोतराच्या सोग्याने गुडघ्यावरचं रक्त पुसलं.

"तुला कधीपसून ठावं व्हतं? माझं?"

"तिसऱ्या टायरापसून."

"मंग सांगितलं कावून न्हाई?"

"भ्या वाटत व्हतं, मालक."

"आन आज न्हाई वाटलं?"

"आजबी वाटलं." शहादेवने पुलाकडे बोट केलं. "पर आज आत लेकरू व्हतं."

भगवानरावांनी पागोटं काढून त्याच्या टोकाने तोंड पुसलं, डोळेही पुसले असावेत. पुलापलीकडची धूळ खाली बसेपर्यंत दोघं तसेच उभे होते. मग देशमुख चालायला लागले. शहादेव सवयीने चार पावलं मागे राहिला, तसे ते थांबले आणि तो शेजारी येईपर्यंत थांबून राहिले. पुढच्या गावापर्यंत दीड कोस होता. तेवढा रस्ता दोघं बरोबरीने चालले.